चिंधीची पात्रता

गोधडी म्हणजे कापडाचे चार-पाच थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण किंवा पांघरूण. व्याख्या म्हणून हे वाक्य बिनचूक आहे, पण फारसे उपयोगाचे नाही. शहरातल्या दुकानात कागदी पिशवीत घालून मिळणारी, कोऱ्या कापडाचे चौकोन जोडलेली गोधडीही त्यात आरामात बसते. खरी चिंध्यांची गोधडी कशाला म्हणायचे, हा प्रश्न त्यापुढचा आहे. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात या प्रश्नाचे उत्तर कोणी लिहून ठेवलेले नाही. मात्र उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीवर गोधडी पसरून बसलेली कोणतीही बाई ते हाताने देते. पुढे केलेले कापड ती दोन बोटांत चुरडते, उजेडाकडे धरते, आणि त्यातून पलीकडचे नीट दिसत नसेल तर "हे अजून अंगावर निघंल, माय" म्हणून बाजूला ठेवते. सगळा नियम त्या एका वाक्यात आहे. गोधडीत जागा मिळण्यासाठी कापडाला आधी बाकी सगळीकडून नकार मिळालेला असावा लागतो.

या वस्तूला मराठवाड्यात गोधडी आणि वाकळ अशी दोन नावे चालतात. दोन्हींत फरक काय, असे विचारले की एकाच घरातल्या सासू-सुना दोन वेगळी उत्तरे देतात आणि दोघीही ठामपणे देतात. ढोबळ मानाने जाड, जड, अंथरायची ती वाकळ आणि पाहुण्यापुढे टाकताना मान खाली घालावी लागत नाही ती गोधडी. तान्ह्या मुलासाठी शिवले की तेच दुपटे होते. जोडकामाची सवय या भागात नावांपर्यंत पोचलेली आहे. नुसते शिरूर म्हटले तर पुणे जिल्ह्यातले घोडनदीचे शिरूर पुढे येते, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहेत. त्यामुळे सिंदफणेच्या काठच्या या गावाला 'कासार' हा तुकडा जोडल्याशिवाय पत्रसुद्धा धड पोचत नाही. नावालाच ठिगळ असलेल्या गावात पांघरुणाचे ठिगळ कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

कापड गोधडीपर्यंत येते ते थेट नव्हे, रीतसर पदावनती होत होत. नऊवारी लुगडे घ्या. पहिली काही वर्षे ते लग्नाकार्याला आणि यात्रेला जाते. रंग जरा उतरला की बाजाराला, मग शेतात, मग घरच्या घरात. बसण्या-उठण्याने ते मधोमध विरते, पण पदर आणि काठ शाबूत असतात. तेव्हा विरलेला भाग कापून दोन चांगली टोके जोडतात. याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडे आणखी वर्ष-दोन वर्षे नोकरी करते. त्यानंतर मात्र त्याचे तुकडे पडतात आणि घरातले सगळे अर्जदार एकदम उभे राहतात. एकीला मुलीच्या परकराला अस्तर हवे असते, दुसरीला बाळाच्या झोळीला कापड. भाकरीच्या टोपल्याला फडके लागते, घागरीखाली चुंबळ लागते, दिव्याला काकडा लागतो, बैलाच्या शिंगाला काही ना काही बांधायला लागते. सगळ्यात शेवटी सारवणाचे पोतेरे असते. ते काहीच नाकारत नाही आणि त्याच्याकडे गेलेले कापड परत येत नाही. कापडाने या सगळ्या जागा चुकवाव्यात, पण पोतेऱ्याच्या हाती पडू नये, अशा नेमक्या वेळी ते गोधडीसाठी उचलावे लागते. एक महिना लवकर उचलले तर उधळपट्टी होते आणि एक महिना उशिरा उचलले तर त्यातून सुई नुसतीच आरपार जाते.

या व्यवहारातली सर्वात कठोर परीक्षक बोहारीण. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई दारात बसली की घरातले अर्धे कपाट अंगणात येते. ती प्रत्येक कपडा झटकते, काखेत आणि बुडावर बघते, आणि पाच साड्यांवर एक पातेले देऊ करून सहावी मागते. तिने घेतलेले कपडे पुढे कुठेतरी पुन्हा विकले जातात; म्हणजे त्यांची नोकरी अजून शिल्लक असते. तिने नाक मुरडून परत टाकलेले मात्र निश्चिंत मनाने गोधडीच्या गाठोड्यात जातात. बोहारणीने नाकारणे हा चिंधीचा अधिकृत दाखला होय. ज्या घरातल्या बाईला नव्या पातेल्याचा मोह आवरत नाही, त्या घरातल्या गोधड्या मात्र पातळ निघतात.

पात्रतेच्या बाबतीत काही प्रकरणे वादाची आहेत. पहिले शिंप्याच्या कात्रणांचे. ब्लाउजच्या बगलेतून निघालेल्या चंद्रकोरी आणि पायजम्याच्या कडेच्या निमुळत्या पट्ट्या या कोऱ्या असतात. त्यांनी अंगाचा घाम पाहिलेला नसतो. काटेकोर मत असे की ज्याने कधी कपडा म्हणून काम केले नाही त्याला निवृत्तीचे लाभ कसे द्यायचे? व्यवहारी मत असे की ते तुकडे शिंपी फुकट देतो. दुसरे मत नेहमी जिंकते. कात्रणे बहुतेक वेळा उशीत जातात. वरच्या थराला रंग कमी पडला तरच गोधडीवर येतात.

दुसरे प्रकरण आहेराच्या ब्लाउजपीसचे. हे कापड कोरे असते, सहसा न उलगडलेले असते, आणि लग्न, बारसे, डोहाळजेवण या मार्गाने घरोघर फिरत राहते. ते शिवायचे कोणाच्या मनात नसते आणि फेकायची कोणाची छाती होत नाही. अनेक वर्षांच्या फिरतीत घडीवरचा रंग उडून त्याला चौकोनी खुणा पडतात. एखाद्या दिवशी ते मूळ मालकिणीकडेच आहेर म्हणून परत येते. तेव्हा कुठे त्याचा प्रवास संपला असे धरून त्याला गोधडीत घेतात. अंगावर एकदाही न जाता जुने झालेले हे एकमेव कापड.

तिसरे प्रकरण सार्वजनिक वस्त्रांचे. सत्काराचे उपरणे, लग्नातले टॉवेल-टोपी, पूर्वीच्या निवडणुकांतले कापडी फलक आणि पताका हे सगळे यथाकाल गोधडीच्या पोटात गेलेले आहे. एकमेकांशी व्यासपीठावर बोलणे सोडलेल्या पक्षांची कापडे तिथे एकाच धावदोऱ्यात वर्षानुवर्षे नांदतात आणि कोणी बाहेर पडत नाही. प्लॅस्टिकचे फलक आल्यापासून हा पुरवठा बंद झाला. नवे फलक पावसाळ्यात गोठ्यावर टाकायला बरे. पण पांघरता येत नाहीत.

चौथे आणि सर्वात गंभीर प्रकरण टेरिकॉट आणि सिंथेटिक साडीचे. तक्रार त्यांच्या जातीविषयी नाही, वागणुकीविषयी आहे. सुती कापड धुतल्यावर आटते, सिंथेटिक आटत नाही. दोन्ही शेजारी शिवले की पहिल्या धुण्यानंतर सुती भाग अंग चोरतो आणि सिंथेटिक भाग पुरीसारखा फुगून वर येतो. शिवाय ते घाम शोषत नाही आणि अंगावरून घसरते. मध्यरात्री पायाशी गेलेली गोधडी शोधायची पाळी येते ती याच कापडामुळे. फाटत मात्र ते लवकर नाही. म्हणून हल्ली ते वरच्या थराला लावतात आणि आत सुती भरतात: बाहेरून टिकाऊ, आतून मऊ. ही तडजोड आता सर्वमान्य झाली आहे. कारण सुती लुगडे नेसणारी पिढीच विरळ होत चालली आहे.

एका कपड्यातला कोणता भाग घ्यायचा, याचेही शास्त्र आहे. पँट गुडघ्यात आणि बुडावर आधी जाते. पोटरीचा भाग शेवटपर्यंत तरुण राहतो. सदऱ्याची कॉलर मळते, पाठ मात्र विरेपर्यंत सरळ असते. धोतर मध्ये जाते, काठाला राहते. बटणे काढून डबीत टाकतात, चेन आणि इलॅस्टिक कापून टाकतात. खिसा काढावा की ठेवावा यावर एकमत नाही. काही घरांत तो तसाच शिवला जातो आणि त्या गोधडीवर झोपणाऱ्या पोराच्या गोट्या, चिंचोके, एखादे रुपयाचे नाणे पुढे बराच काळ तिथेच सापडत राहते. गादीला लॉकर असण्याची सोय अजून कोणत्याही कारखान्याने काढलेली नाही.

कापड जमले की मांडणी येते. इथे खऱ्या चिंध्यांच्या गोधडीची कसोटी लागते. आधी तळाचा थर म्हणजे शक्यतो अख्खे लुगडे. मग पोट, त्यात वाटेल ते. मग वरचा थर, त्यात तुकडे. तुकडा कुठे लावायचा हे त्याचा आकार आणि दम ठरवतो. जिथे गुडघे येतात तिथे जाड कापड, तोंडाशी मऊ, कडेला मजबूत. रंगाची पाळी सगळ्यात शेवटी. साधा हिशेबही तंग असतो. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गोधडीचे पाच थर म्हणजे पंधरा चौरस मीटर कापड. नवे ९ वारी लुगडे भरते जेमतेम साडेनऊ चौरस मीटर, आणि जुने झाल्यावर त्यातले निम्मेच कामाचे उरते. म्हणजे एका गोधडीत तीनेक लुगड्यांचे आयुष्य जाते. अशा तंगीत रंगसंगतीचा विचार करणे म्हणजे दुष्काळात पाण्याची चव बघण्यासारखे.

तरीही शिवून झालेली गोधडी पाहिली तर मध्यभागी नेमका लाल तुकडा येतो, चारी कोपऱ्यांत एकाच साडीचे चौकोन येतात आणि काठ सगळीकडून एका रुंदीचा असतो. हे मुद्दाम केले का, असे विचारल्यावर ठरलेले उत्तर मिळते: "मुद्दाम काय करायचं? जे व्हतं ते लावलं." हे उत्तर खरे धरू नये. तो लाल तुकडा पेटीच्या तळाशी दोन वर्षे याच जागेसाठी दडवून ठेवलेला असतो.

अमेरिकेतल्या रजई शिवणाऱ्यांकडे याच्या बरोबर उलट प्रकार दिसतो. तिकडे चिंध्यांच्या जोडकामाची स्वतंत्र आवड आहे, आणि त्यासाठी अडीच इंच रुंदीच्या, आधीच कापलेल्या कोऱ्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या दुकानात विकत मिळतात. तुकडे आपोआप जुळून आल्यासारखे दिसावेत म्हणून ते कागदी पिशवीत घालून न बघता एकेक काढण्याची युक्ती शिकवली जाते. पिशवीतून लागोपाठ दोन निळे निघाले तर दुसरा हळूच परत टाकायचीही मुभा असते. ज्यांच्याकडे निवड आहे ते ती नसल्याचे दाखवायला इतकी मेहनत घेतात, आणि ज्यांच्याकडे ती नाही त्या शिरूरच्या बाया एक लाल तुकडा दोन वर्षे लपवून ती असल्याचे दाखवतात. चिंध्यांची खरी गोधडी ओळखायची ती दुसऱ्या खटपटीवरून. अमेरिकेतही हे जाणणारे होतेच. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या रजया २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. भिंतीवर लावलेली गोधडी शिरूरमध्येही दिसते. पण ती वाळत घातलेली असते.

चिंधीला धर्माकडून मिळालेली प्रतिष्ठा याहून जुनी आहे. टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून शिवलेले चीवर बौद्ध भिक्षू वापरत. मगधातल्या भातखाचरांच्या बांधांसारखी त्याची जोडणी आनंदाने बसवली, असे विनयपिटक सांगते. नाथपंथी जोग्यांच्या वेषात कंथा, म्हणजे गोधडीच, असते, आणि शिरूरच्या आसपासचा मुलूख तर नाथांचाच आहे: एका बाजूला गहिनीनाथगड, दुसरीकडे पाथर्डी तालुक्यातली कानिफनाथांची मढी. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा आणि चिंधेबुवा म्हणत. फरक एवढाच की साधूने गोधडी घेतली की तिला वैराग्य म्हणतात आणि शेतकऱ्याने घेतली की परिस्थिती म्हणतात. थंडी दोघांनाही सारखीच वाजते.

शिवणकामाचा हंगाम होळीनंतरचा. त्याआधी निम्मा तालुका गावात नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेले मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर असतात, आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. कोयत्याबरोबर जे सामान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते त्यात पिठाची गोणी, भांडी आणि गोधड्यांची वळकटी ही मुख्य. फडावरच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, खाली पाचट, त्यावर वाकळ, वर गोधडी, आणि पहाटे चारला त्यातून बाहेर पडणे ही दिवसातली सर्वात अवघड तोड. उसाच्या पानाची कड अंग कापते म्हणून बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. हंगाम संपेपर्यंत त्या सदऱ्याचा रंग कोणता होता हे सांगता येत नाही. परतल्यावर तो धुतात, आणि बोहारणीला न दाखवताच गोधडीच्या पोटात घालतात. काही दाखल्यांना परीक्षेची गरज नसते.

प्रत्यक्ष शिवताना गोधडी जमिनीवर ताणून पसरतात, कडेला दगड किंवा पाटा-वरवंटा ठेवतात आणि थर सरकू नयेत म्हणून लांब टाके घालून घेतात. मग काठापासून आत आत येत धावदोरा चालतो. ओळींत बोटभर अंतर धरले तर दोन मीटरच्या पंच्याहत्तर ओळी होतात, म्हणजे दीडशे मीटर शिवण. सेंटिमीटरला एक टाका या हिशेबाने पंधरा हजारांच्या घरात टाके. हे एकटीचे काम नसते. शेजारणी दुपारी येऊन एकेक कोपरा धरतात. कोणाचा टाका कोणता हे पुढेही ओळखू येते: बारीक आणि सरळ तो थोरल्या जावेचा, लांब लांब तो घाईच्या धाकटीचा, आणि मध्येच वाकडा होऊन पुन्हा सरळ झालेला तो त्या क्षणी निघालेल्या कुठल्यातरी लग्नाच्या गोष्टीचा. चार बायकांनी शिवलेल्या गोधडीत गावच्या भानगडींची नोंद असते; फक्त ती वाचता येत नाही, पांघरता येते.

तयार गोधडी सहज चार-पाच किलो भरते. ऊब देते ती थरांत अडकलेली हवा. वजन देते ती केवळ खात्री. ज्याला लहानपणापासून वाकळीची सवय आहे त्याला हलक्या ब्लँकेटखाली आपण उघडेच झोपलो आहोत असे वाटत राहते. एका गोधडीत तीन पोरे असली तर मधले सुखात झोपते आणि कडेची दोन रात्रभर रस्सीखेच खेळतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण एका माणसाला एक अंथरूण आहे असे गृहीत धरते. म्हणून ती श्रीमंत घरातली असावी.

खरी गोधडी ओळखायची शेवटची खूण म्हणजे तिचे वाचन. आजारी पडलेले पोर दुपारी पडल्या पडल्या तुकड्यांवर बोट ठेवते आणि आजी सांगत जाते: हे तुझ्या आज्याचं धोतर, ही आत्याची शाळेची ओढणी, हा तुझ्या बापाचा लग्नातला सदरा, एकदाच घातला आन् हळद गेली न्हाई. ज्या तुकड्याचा मालक सांगता येत नाही तो बाहेरून आलेला समजावा. दुकानातल्या गोधडीत सगळेच तुकडे बाहेरून आलेले असतात. तिच्यावर बोट ठेवले तर किंमत कळते, नाते कळत नाही.

नवरात्र जवळ आले की घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर निघतात, कारण घटस्थापनेआधी त्या धुतल्याच पाहिजेत. नदीला पाणी असेल तर सिंदफणेवर, नसेल तर बोअरच्या धारेखाली. कोरडी असताना काखेत मावणारी गोधडी भिजली की एकटीला उचलत नाही. सोड्यात भिजवून ती पायांनी तुडवतात, मग दोन टोकांना दोघे उभे राहून उलट-सुलट पिळतात. हे काम नवरा-बायकोने करावे असा अनुभव सांगतो, कारण ज्याने आधी सोडले त्याच्यावर पुढचे वर्षभर बोलता येते. मग बाभळीवर, कुंपणावर, पाराच्या कट्ट्यावर गोधड्या पसरतात आणि अख्ख्या गावाला अख्ख्या गावाच्या घरातली कापडे एका दिवसात कळतात. कोणाची सून माहेरून काय घेऊन आली, याची तपासणी त्याच दिवशी पुरी होते.

गोधडी मरत नाही, बदलत जाते. वरचा थर विरला की त्यावर नवे लुगडे चढते आणि जुनी गोधडी अख्खीच्या अख्खी नव्याचे पोट होते. म्हणून एखाद्या वाकळीचे वय काढायचे तर ती उसवावी लागेल. उसवली की बाहेरच्या थराखाली सासूचे, त्याखाली आजेसासूचे लुगडे निघेल. फारच जड झाली की ती खाटेवरून बैलगाडीत, गाडीतून बैलाच्या पाठीवर आणि तिथून गोठ्याच्या दाराशी येते. तिथे एखाद्या थंडीच्या रात्री कुत्रे तिच्यावर वेटोळे करून बसते. कुत्र्याने घेतलेली गोधडी परत मागायची नसते. तेवढा एकच निकाल अंतिम मानतात. मात्र काठ अजून धड असेल, तर सकाळी कुत्रे भाकरीला उठले की तो तेवढा उसवून घेतात.